बेरजेतला दोष

आम्ही गणिताचे पंडित नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पुढे पाठशाळेत व्याकरण घोकले, दोनचार काव्ये गुरुमुखातून ऐकली, आणि एवढ्या शिदोरीवर पस्तीसछत्तीस वर्षे मास्तरकी करून आम्ही घरी बसलो. अशा माणसाने आधुनिक बीजगणिताच्या एका अवघड शाखेविषयी लेखणी उचलावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्याचा धागा त्या शाखेशी असा काही गुंतला आहे की, एक सोडून दुसरे सांगता येत नाही. शिवाय ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, तेथील वडीलधाऱ्यांना हा प्रसंग अगदीच परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आमचे घर बदलापूरच्या शिरगावात. आमच्या लहानपणी मागील दारी उभे राहिले की भाताची खाचरे दिसत आणि त्यांच्या पलीकडे डोंगर. आता खाचरांच्या जागी उंच इमारती झाल्या आहेत, आणि डोंगर पाहायचा तर गच्चीवर जावे लागते. तरी आमचे बैठे घर अजून टिकून आहे, आणि आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा परिवार व आमचा परिवार आजही एकाच चुलीवर जेवतो. बंधूंचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, अंबरनाथेस एका कारखान्यात चक्रांना दाते पाडण्याच्या यंत्रावर काम करतो. त्याची थोरली कन्या यंदा गणित विषय घेऊन एम. एस्सी. झाली. घराण्यातील पहिली एम. एस्सी. तीच.

तंटा म्हणावा असा काही नव्हता, पण पेच होता. मुलीच्या हाती दोन कागद आले. एक बँकेतील नोकरीचा, दुसरा एका विद्यापीठात संशोधन करण्यासाठी मिळालेल्या जागेचा. बँकेतील पगार भरभक्कम. विद्यापीठातील विद्यावेतन बेताचे, मुदत पाच वर्षांची, आणि त्यापुढे काय याला उत्तर नाही. वहिनींचे म्हणणे असे की, पाच वर्षांनी मुलीचे वय काय होईल याचा विचार करा. सूनबाई मुलीकडे पाहून गप्प राही. पुतण्याचा कल स्पष्टपणे बँकेकडे होता. “आयुष्यभर यंत्रापाशी उभा राहिलो, काका. मुलीने पंख्याखाली बसावे एवढीच इच्छा आहे,” असे तो म्हणाला. यात चूक काढण्यासारखे काय होते? शेवटी घरातील वडील पुरुष म्हणून निर्णय आमच्यावर सोपवण्यात आला.

आम्ही नातीला जवळ बोलावले आणि म्हणालो, “तू पाच वर्षे ज्या विषयाला देणार, तो आम्हांस समजेल अशा भाषेत सांग. समजला तर तुझ्या बाजूने बोलू. न समजता बोलणे आमच्याने होणार नाही.”

ती हसून म्हणाली, “आबा, तुम्हांला संस्कृत येते, म्हणजे निम्मे काम झाले.” आणि त्या रात्रीपासून चारपाच रात्री, जेवणे आटोपल्यावर, ओटीवर आमची शाळा भरू लागली. फरक इतकाच की, या खेपेस पाटी आमच्या मांडीवर होती.

प्रथम तिने शब्द सांगितला. तिच्या विषयात ‘रॅडिकल’ म्हणून एक वस्तू आहे. लॅटिनमध्ये मुळाला जो शब्द आहे त्यापासून तो निघाला. आमच्याकडे भास्कराचार्यांच्या ग्रंथांत वर्गमूळ, घनमूळ यांतला ‘मूल’ शब्द त्याच अर्थाचा, आणि अरबी गणितातही मूळ या अर्थाचाच शब्द योजलेला आहे. आम्ही त्या वस्तूस ‘मूलक’ म्हणायचे ठरवले.

मूलक म्हणजे काय, हे तिने रेल्वेच्या घड्याळावर दाखवले. रेल्वेच्या वेळापत्रकात दिवसाचे चोवीस तास सलग मोजतात, तेवीसनंतर पुन्हा शून्य. आता हेच आपले सारे अंकजग समजा. येथे चोवीस म्हणजे शून्य, पंचवीस म्हणजे एक. या जगात सहाला सहाने गुणा. छत्तीस येतात, म्हणजे बारा. पुन्हा सहाने गुणा. बहात्तर, म्हणजे तीन वेळा चोवीस, म्हणजे शून्य! सहा ही संख्या स्वतः शून्य नाही, पण तिला स्वतःशीच गुणत गेले की ती नाहीशी होते. उलट पाच घ्या. पाच पाचे पंचवीस, म्हणजे एक. ती कधीच नाहीशी होणार नाही. आठाचे चौसष्ट म्हणजे सोळा, पुन्हा आठाने गुणले की एकशे अठ्ठावीस, म्हणजे आठच. तीही टिकाऊ. शोधून पाहिले तर या घड्याळात शून्य, सहा, बारा आणि अठरा एवढेच चार अंक नाहीसे होणारे निघतात.

आम्हांस एकदम पाणिनीची आठवण झाली. वर्ण दिसेनासा होणे यास व्याकरणात ‘लोप’ म्हणतात, आणि प्रत्ययांना चिकटवलेले इत्संज्ञक वर्ण आपले काम बजावून लोप पावतात. आम्ही म्हणालो, “हे तर लोपशील अंक झाले!” नातीला शब्द आवडला. अमेरिकेतील बेंजामिन पीअर्स याने १८७० साली अशा राशींना पहिल्याने नाव दिले, असे तिने सांगितले.

पुढची गोष्ट अधिक मार्मिक. हे चार लोपशील अंक आपसांत मिळवले तर बेरीज लोपशीलच येते, आणि त्यांना कोणत्याही बाहेरच्या अंकाने गुणले तरी गुणाकार त्या चौघांतच पडतो. असा हा आपल्यापुरता बंदिस्त समूह, तोच या घड्याळाचा मूलक. आता त्या चौघांना शून्यच मानून टाका. मग सहा म्हणजे शून्य झाले, आणि चोवीस तासांचे घड्याळ आपोआप सहा तासांचे उरले. त्या नव्या घड्याळात दोनाचे चार, चाराचे पुन्हा दोन. तीन त्रिक नऊ, म्हणजे तीनच. शून्यावाचून एकही अंक लोप पावत नाही. मूलक एकदा काढला की पुन्हा मूलक उरत नाही, आणि जे उरते ते रचनेने सुबोध असते. बेरीज व गुणाकार या दोन क्रियांनी बांधलेल्या अशा जगाला मराठीत वलय म्हणतात. स्कॉटलंडच्या वेडरबर्न या गणितीने १९०७ साली एका मोठ्या जातीच्या वलयांविषयी दाखवून दिले की, मूलक वगळल्यावर उरलेला भाग ओळखीच्या घटकांत साफ सुटा होतो. १९४५ साली जेकबसन याने मूलकाची व्याख्या इतकी व्यापक केली की ती कोणत्याही वलयाला लागू पडावी. त्यानंतर आठदहा वर्षांतच अमित्सूर आणि कुरोश यांनी, ‘मूलक’ म्हणवून घेण्याची पात्रता कशात असते, याचेच नियम बसवले.

वाचकांस वाटेल, एवढे सारे झाल्यावर शोधायचे काय राहिले? आम्हीही तेच विचारले. तेव्हा तिने कोथे या ऑस्ट्रियन गणितीचा १९३० सालचा प्रश्न सांगितला. गुणाकारात डावेउजवे बदलले की उत्तर बदलते अशीही वलये असतात. त्यांत एका बाजूच्या गुणाकारापुरते बंदिस्त असे दोन लोपशील समूह घेऊन एकमेकांत मिळवले, तर बेरजेचा समूह लोपशीलच राहतो का? प्रश्न एवढासा. पण जगातील मोठमोठ्या गणितींनी डोके लावूनही त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

तिच्या स्वतःच्या विषयात याहून एक पायरी अधिक आहे, आणि ती पायरी अक्षरशः पायरीच आहे. शाळेत आपण बहुपदी शिकवतो. सुटे अंक एका कप्प्यात, एकघाती पदे दुसऱ्यात, द्विघाती तिसऱ्यात. पहिल्या पायरीचे पद दुसऱ्या पायरीच्या पदाने गुणले की गुणाकार तिसऱ्या पायरीवर जातो. ज्या वलयाचे असे कप्पे पाडता येतात, त्याला श्रेणीबद्ध वलय म्हणावे. आता प्रश्न असा की, अनेक पायऱ्यांवरील तुकड्यांची मिळून झालेली एखादी राशी मूलकात सापडली, तर तिचा प्रत्येक तुकडा सुटा सुटा मूलकात असतो काय? दोष एकत्रात दिसला, तर तो प्रत्येकात असतो काय?

हा प्रश्न ऐकून आम्ही सरसावून बसलो. हा तर आमच्या घराचा, किंबहुना प्रत्येक घराचा प्रश्न!

पायऱ्या एक, दोन, तीन अशा सरळ वर चढत जाणाऱ्या असतील, तर उत्तर ‘होय’ असे आहे, आणि साध्या बहुपदींपुरते त्याचे कारण आम्हांसही कळले. समजा, एखाद्या लोपशील बहुपदीतील सर्वांत वरचा तुकडा तिसऱ्या पायरीचा आहे, आणि तिचा घन शून्य होतो. त्या वरच्या तुकड्याचा घन नवव्या पायरीवर जाऊन बसतो, आणि तेथे त्याला खोडायला दुसरे कोणीही पोहोचत नाही. तेव्हा त्या एकट्यालाच शून्य व्हावे लागते. तो लोपशील ठरला की वजा करा, आणि उरलेल्यास तीच कसोटी लावा. जेकबसनच्या व्यापक मूलकाविषयी हीच गोष्ट सिद्ध करणे पुष्कळच कठीण होते. ते काम अमेरिकेतील बर्गमन यांनी १९७५ साली केले.

“पण आबा,” ती म्हणाली, “पायऱ्या जर चक्राकार असतील, तर हे कोसळते. दोनच कप्पे घ्या, सम आणि विषम. विषमाला विषमाने गुणले की पुन्हा सम. आणि अंकही दोनच घ्या, शून्य आणि एक. एक अधिक एक म्हणजे शून्य. आता विषम कप्प्यात एक अक्षर ठेवा, ग. ‘ग’चा वर्ग एक. तर ‘एक अधिक ग’ याचा वर्ग करून दाखवा.”

आम्ही पाटीवर लिहिले. एकाचा वर्ग एक. अधिक दोन ग. अधिक ‘ग’चा वर्ग, म्हणजे एक.

“दोन म्हणजे शून्य. मधले पद गळाले,” ती म्हणाली. “आणि टोकाचे एक अधिक एक, तेही शून्य. म्हणजे ‘एक अधिक ग’ लोपशील. पण एक स्वतः लोपशील नाही. ‘ग’ही नाही, त्याचा वर्ग तर एक आहे. दोघेही सुटे निर्दोष, आणि दोष नेमका बेरजेत! कळले ना? या जगात (अ + ब) यांचा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग. बस्स.”

आमच्या हातातील पेन्सील थांबली. “डोके दुखते आहे,” असे काहीतरी सांगून आम्ही उठलो. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि कारण गणिताचे नव्हते.

अडतीस वर्षांपूर्वीची, म्हणजे १९८७ सालची गोष्ट. आमच्या शाळेतील गणिताचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले, आणि आठवीचे बीजगणित आमच्या गळ्यात पडले. त्या वर्गात आमचा पुतण्या बसत असे. एके दिवशी फळ्यावर त्याने (अ + ब) यांचा वर्ग अ-वर्ग अधिक ब-वर्ग असा लिहिला. चूक नेहमीचीच. दर वर्षी निम्मा वर्ग ती करतो. परंतु मास्तरांचा पुतण्या म्हणून त्याला सवलत मिळते, असे कोणी म्हणू नये, याची आम्हांस त्या काळी फार धास्ती असे. आम्ही विचारले, “दोन अब कुठे गेले?” त्यावर तो पोर निरागसपणे म्हणाला, “काका, ते कधीच शून्य होत नाही का?”

वाचकहो, हा प्रश्न होता, उर्मटपणा नव्हता. साध्या शालेय गणितातही त्याला उत्तर होते. दोहोंपैकी एक राशी शून्य असेल तर मधले पद शून्य होतेच. एवढे जरी आम्ही सांगितले असते! पण वर्गात त्याने ‘काका’ म्हटले आणि वर्ग हसला. आम्ही छडी उचलली. हाताचे तळवे लाल होईपर्यंत मारले. आणि तेवढ्याने समाधान न होऊन फळ्यावर एक मोठे शून्य काढून, “हे तुझे चित्र,” असे म्हणून त्याला तास संपेपर्यंत त्या शून्यापाशी उभे केले. घरी आल्यावर बंधूंनी विचारले, तेव्हा त्याने हात पाठीमागे नेले आणि सांगितले, काही नाही. त्या वर्षानंतर त्याने गणिताचे पुस्तक आमच्यासमोर कधी उघडले नाही. दहावी होताच त्याने कारागिरीचे शिक्षण घेतले आणि कारखान्याची वाट धरली. आम्ही लोकांना सांगत असू, “मुलाला अभ्यासाची गोडी नव्हती.”

आणि आता त्याचीच लेक आम्हांस सांगत होती की, त्याने लिहिलेले सूत्र ज्या जगात खरे आहे, अशी जगे आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीला विचारले, “जेथे मधले पद गळते, असल्या जगाला काही किंमत आहे का? की तो नुसता खेळ?” तिने श्रीराम अभ्यंकरांचे नाव सांगितले. १९३० साली उज्जैनीस जन्मलेला हा आपल्यातलाच माणूस. वडील ग्वाल्हेरीस गणिताचेच प्राध्यापक. अभ्यंकर अमेरिकेत जाऊन जगन्मान्य बीजगणिती झाले, आणि त्यांची कीर्ती ज्या कामावर उभी आहे ते काम नेमके याच जगातले! दोनच नव्हे, तर कोणतीही अविभाज्य संख्या शून्य मानली, तर तितव्या घाताच्या विस्तारातील मधली सगळी पदे गळून पडतात आणि दोन टोके तेवढी राहतात. अशा जगातील समीकरणांनी बनलेल्या पृष्ठांवर जे बोचरे, विकृत बिंदू असतात, ते पद्धतशीरपणे उकलता येतात, हे त्यांनी १९५६ साली सिद्ध केले. पुढे १९६६ साली तीन मितींच्या आकृतींसाठीही, दोन, तीन व पाच या संख्या वगळून, तेच साधले. त्याहून वरच्या मितींत तो प्रश्न आजही सर्वस्वी सुटलेला नाही. १९७६ साली त्यांनी पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिले, आणि शाळेतल्या बीजगणिताचा ते जन्मभर अभिमान बाळगीत. २०१२ साली ते निवर्तले.

आम्हांस आणखी एक मास्तर आठवले, देवळालीचे कापरेकर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवले. चार अंकी संख्येतील आकडे उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि हेच करीत जायचे. चारही आकडे एकच नसतील, तर जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ येते, हा त्यांचा शोध सर्व जगात त्यांच्या नावाने ओळखला जातो. तेही मास्तर आणि आम्हीही मास्तर. त्यांनी आकड्यांना प्रश्न विचारले. आम्ही प्रश्न विचारणाऱ्याला शून्यापाशी उभे केले.

त्या आदितवारी आम्ही नातीला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा त्या मंदिराचा शिलालेखातील काळ आहे, आणि वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणात उभे असलेले ते काम आजही पाहणाऱ्यास थक्क करते. या घाटणीला भूमिज म्हणतात. भूमी म्हणजे मजला. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी मजल्यामजल्याने वर चढत जातात. नात वर पाहत म्हणाली, “आबा, हीच माझी श्रेणी.” शिखर आज पुरते राहिलेले नाही. गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तेथे उभे राहून आम्ही तिला १९८७ सालची सारी हकीकत सांगितली. घरात ती कोणालाच ठाऊक नव्हती.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आम्हीच, मनाची समजूत काढण्यासाठी म्हणा, म्हणालो, “तुझ्या त्या ‘एक अधिक ग’सारखेच हे. तोही वाईट नव्हता, आम्हीही सुटे वाईट नव्हतो. वर्गात काकापुतण्या एकत्र आले, त्या बेरजेत दोष झाला.”

त्यावर तिने जे उत्तर दिले, त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. ती म्हणाली, “आबा, उदाहरण चांगले आहे, पण ते येथे लागू नाही. त्या उदाहरणात दोन्ही कप्पे सारखे असतात, कोण वर आणि कोण खाली हे ठरत नाही. वर्गात तुम्ही वरच्या पायरीवर होता. आणि पायऱ्या सरळ वर चढणाऱ्या असतील, तर वरच्या तुकड्याचा हिशेब आधी आणि एकट्याचा करावा लागतो. हे मी तुम्हांला परवाच सांगितले.”

आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. शास्त्रार्थात असा निरुत्तर करणारा विद्यार्थी लाभावा म्हणून गुरू देवाची प्रार्थना करतात, असे म्हणतात. आमची प्रार्थना न करताच फळाला आली.

परतताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मार्क क्रास्नर या गणितीने अशी कल्पना मांडली की, श्रेणीबद्ध जगात फक्त एकेका कप्प्यातील राशीच खऱ्या मानाव्यात, आणि बेरीज एकाच कप्प्यातील दोघांची तेवढी मान्य करावी. मग ‘एक अधिक ग’ ही राशी त्या जगात जन्मालाच येत नाही. कप्पे कोणत्या नियमाने पाडावेत याला आता फार मोकळीक आहे, पायऱ्यांना सरळ क्रम नसला तरी चालते. अशा मोकळ्या रचनांत मूलक कसा ठरवावा, आणि तुकड्यांवरून पूर्णाविषयी कोठवर बोलता येते, हे तिला शोधायचे आहे. विषय आम्हांस सगळा समजला असे नाही. पण हा विषय पाच वर्षांच्या मोलाचा आहे, याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही सर्वांना ओटीवर बसवले. बँक आणि विद्यापीठ यांविषयी बोलण्यापूर्वी आम्ही पुतण्याला म्हणालो, “अडतीस वर्षांपूर्वी तू एक प्रश्न विचारला होतास. त्याचे उत्तर आज देतो.” आणि पाटी घेऊन, जसे नातीने शिकवले तसे, एक अधिक एक शून्य येथपासून सारे मांडले. शेवटी म्हणालो, “तुझे सूत्र त्या दिवशीच्या पुस्तकापुरते चूक होते. तुझा प्रश्न मात्र बरोबर होता. चूक आमची झाली.”

वहिनींच्या हातातील सुपारी तशीच राहिली. आमचे कुटुंब आत निघून गेले. पुतण्या पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “छडी मी विसरलो होतो, काका. ते शून्य मात्र विसरता येत नव्हते.” आणि थोड्या वेळाने, आम्ही कधी कल्पनाही केली नव्हती अशा सहजतेने, त्याने पाटी ओढून घेतली. “पण हे गणित आम्ही रोज करतो! चोवीस दात्यांचे चक्र घ्या. बारा दाते पुढे सरकवले, असे बारा वेळा केले, तर चक्र सहा पुरे फेरे घेऊन जागच्या जागी. पाच दात्यांचे पाऊल पाच वेळा टाका, एक दाता पुढे. ही पाटी कशाला? उद्या कारखान्यातून चक्रच आणून दाखवतो.” लेकीने विचारले, “बाबा, तुम्हांला हे ठाऊक होते?” तो म्हणाला, “याला बीजगणित म्हणतात, हे ठाऊक नव्हते.”

त्या बापलेकींचे बोलणे रात्री किती वाजेपर्यंत चालले, ते आम्ही पाहिले नाही. आम्ही आत जाऊन निजलो. सकाळी पुतण्या कामाला निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, “काका, बँकेला नाही म्हणून कळवायला सांगतो तिला. तुम्ही वेगळे काही म्हणणार होता का?” आम्ही नाही म्हणालो.

सारे गोड झाले, असे आम्ही लिहिणार नाही. वहिनींची नाराजी अजून गेलेली नाही, आणि पाच वर्षांनंतरचा त्यांचा प्रश्न खोटाही नाही. पुतण्याला आणखी काही वर्षे यंत्रापाशी उभे राहावे लागेल, हेही खरे. आणि आमच्या चार शब्दांनी ती अडतीस वर्षे परत आली, असे तर मुळीच नाही. चोवीसाच्या घड्याळातून मूलक वजा करता येतो. माणसाच्या आयुष्यातून मागची चूक तशी वजा करता येत नाही. तिला फक्त तिच्या जागी, तिच्या नावाने मांडता येते.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. शके ११२८ मध्ये भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालू राहावे म्हणून तेथे मठ स्थापिला, अशी त्यात नोंद आहे. आजोबांनी लिहिले आणि नातवाने शिकवण्याची सोय केली, हा झाला राजमार्ग. आमच्या घरी ओघ उलटा वाहिला. नातीने शिकवले, आणि आजोबांनी ते मुलाला दिले. पण विद्या घरातल्या घरात तिन्ही पायऱ्यांवर पोहोचली, हेही थोडे नव्हे.

सध्या आमच्या ओटीवर, पाटीशेजारी, चोवीस दात्यांचे एक जुने लोखंडी चक्र ठेवलेले आहे. शेजारची मुले येऊन ते फिरवतात आणि काही काही विचारतात. ज्याचे उत्तर येते ते आम्ही सांगतो. ज्याचे येत नाही, ते पाटीवर लिहून ठेवतो आणि नात सुटीत घरी येईपर्यंत पुसत नाही.